ओळखीच्या शंभर लोकांची यादी मागणारी नोकरी घेऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. मुलगा २७ वर्षांचा, बीकॉम, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. पतसंस्थेत चार वर्षं पिग्मी गोळा केली, आता काउंटरला बसतो, हातात साडेचौदा हजार येतात. एका खाजगी लाइफ इन्शुरन्स कंपनीकडून सेल्स मॅनेजरची ऑफर आलीय, हातात चोवीस हजार आणि वर इन्सेंटिव्ह. टार्गेट तोंडी सांगितलंय, महिन्याला दीड लाख नवीन प्रीमियम आणि दोन नवीन एजंट. इंटरव्ह्यूत ओळखीच्या शंभर लोकांची नावं लिहून घेतली. वडील एसटीतून रिटायर झालेत, ते म्हणतात एजंटगिरी करायला बीकॉम केलंस का. आईचा राग वेगळाच, मामाने गळ्यात मारलेल्या पॉलिसीत चार वर्षं पैसे भरले आणि ते बुडाले. घरात लग्नाचं बघणं चालू आहे. मुलगा लिहितो, "ताई, मी बोलबच्चन नाही, मला लोकांना पटवता येत नाही, पण साडेचौदा हजारात किती वर्षं काढू? दहा दिवसांत कळवायचंय."

लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते, चालेल ना.

पहिलं म्हणजे ते बोलबच्चनचं डोक्यातून काढ. चार वर्षं पिग्मी केलीस ना तू? म्हणजे रोज संध्याकाळी बाजारपेठेत फिरून चहावाल्याकडून पन्नास, किराणावाल्याकडून दोनशे, सलूनवाल्याकडून शंभर, पाऊस असो नाहीतर यात्रा असो, आणि त्या लोकांनी गल्ल्यातले पैसे काढून तुझ्या हातात ठेवले, ते काय तू छान बोलतोस म्हणून? उद्या हा परत येणार हे त्यांना माहीत होतं म्हणून. इन्शुरन्समधे सगळ्यात अवघड भाग हाच असतो. उगाच गोड बोलणारी माणसं पहिल्या सहा महिन्यांत चमकतात आणि मग त्यांना रस्ता बदलून जावं लागतं, कारण ज्यांना पटवलं ती माणसं समोरून येत असतात. ज्याला बरं विकता येतं तो जास्त करून विचारतो, घरात कमावणारे किती, कर्ज किती, मुलं केवढी, आजारपणात याआधी पैसे कुठून आणले. हे तुला जमेल असं तुझ्या पत्रावरूनच दिसतंय.

पण मग गंमत अशी की हे कंपनीला पण माहीत आहे, तुझ्याआधी माहीत आहे. बीकॉम झालेली मुलं साताऱ्यात काय कमी आहेत का? त्यातून तुलाच फोन का आला? कारण तुझ्या मागे अख्खी बाजारपेठ आहे. ती शंभर नावांची यादी म्हणजे ओळख-पाळख म्हणून करायचा खेळ नव्हता रे, मुलाखत खरं तर तिचीच होती. या धंद्यात तिला नॅचरल मार्केट म्हणतात, नातेवाईक, मित्र, शेजारी, जुने सहकारी, जे तुझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणणार नाहीत असे सगळे.

आता जरा हिशोब करू, कारण तू अकाउंट्सचा माणूस असून टार्गेटचा हिशोब पत्रात कुठेच केलेला नाहीयेस. दीड लाख प्रीमियम, एक पॉलिसी सरासरी तीस हजारांची धर, तालुक्याच्या गावात हे पण जास्तच धरलंय. म्हणजे महिन्याला पाच पॉलिसी. दहा जणांना भेटल्यावर एक जण घेतो असं धरलं तर महिन्याला पन्नास माणसं. तुझी शंभरची यादी किती दिवस पुरली? दोन महिने. तिसऱ्या महिन्याच्या एक तारखेला सकाळच्या मीटिंगला तू बसलेला असशील, बोर्डावर तुझ्या नावापुढे शून्य असेल आणि यादीत उरलेले म्हणजे ज्यांनी "बघतो नंतर" म्हटलं ते. आणि त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारी-मार्च आला की बघायलाच नको, जेएफएम म्हणतात त्याला तिथे, टॅक्स वाचवायला लोक धावत येतात या आशेवर वर्षभराची कसर त्या तीन महिन्यांत काढायची असते.

याचा अर्थ नोकरी वाईट असा नाही. पण तुझा प्रश्न तू "मला जमेल का" असा विचारलायस आणि मला वाटतं तो "यादी संपल्यावर काय" असा विचारायला हवा. यादी संपल्यावर अनोळखी माणूस मिळवायची काही सोय तिथे आहे का? म्हणजे कंपनी तुला आधीचे चालू एजंट हातात देणार आहे का, बंद पडलेल्या पॉलिसीधारकांची नावं देणार आहे का, की सगळं तूच उभं करायचंय? हे विचार. उत्तर गोलगोल आलं तर ते पण उत्तरच समज.

दुसरं, सेल्स मॅनेजर या शब्दाने घरचे खूश होतील पण काम नीट समजून घे. एजन्सी चॅनेलमधला सेल्स मॅनेजर कागदावर स्वतः पॉलिसी विकत नाही, तो एजंट नेमतो आणि एजंट विकतात. एजंट व्हायला दहावी पास, अठरा पूर्ण आणि आयसी-३८ ची परीक्षा लागते, ती फार अवघड नाही. अवघड काय तर दर महिन्याला दोन माणसं शोधायची जी परीक्षा देतील आणि नंतर खरंच काम करतील. मग होतं काय, बहिणीच्या नावावर एजंटचा कोड निघतो, वहिनीच्या नावावर कोड निघतो, विकतो हाच, सही तिची. तुला कोणी "घरातल्या कुणाच्या तरी नावाने कोड काढून टाक, सगळे काढतात" म्हणालं तर तिथेच थांब. उद्या गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की नाव तुझ्या बहिणीचं असणार आहे, आणि तिला पॉलिसी म्हणजे काय ते पण माहीत नसेल.

आता आईच्या पॉलिसीचं. आई चुकीचं बोलत नाहीये, पण मामा लबाड होता असं पण धरून चालू नकोस. बचतवाल्या एंडोमेंट पॉलिसीत जुनी पद्धत अशी की एजंटला पहिल्या वर्षी प्रीमियमच्या पस्तीस टक्क्यांपर्यंत कमिशन, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच. म्हणजे पन्नास हजारांची पॉलिसी विकली तर पहिल्याच वर्षी साडेसतरा हजारांपर्यंत, आणि मग आठव्या वर्षी तुमच्या दारात येऊन "हप्ता भरलात का" विचारायला फक्त अडीच हजार. माणूस कुठे धावेल? साध्या टर्म प्लॅनचा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या, मुदत संपल्यावर काही परत न देणाऱ्या पॉलिसीचा, प्रीमियम मुळात कमी, म्हणून त्यातलं कमिशन पण कमी, म्हणून तो कुणी स्वतःहून सांगत नाही, आणि ज्या घरात एकच कमावता आहे त्या घराला खरी गरज त्याचीच असते. ही गोम फक्त तुझ्या मामाची नाही. म्हणून तर गेल्या काही वर्षांत नियम बदलायला लागले. ऑक्टोबर २०२४ पासून एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पॉलिसी सोडली तरी काहीतरी परत मिळावं असं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने केलं, आणि त्याच सुमाराला एलआयसीने पण एजंटचं पहिल्या वर्षाचं कमिशन कमी करून पुढच्या वर्षांचं वाढवलं. पॉलिसी हातात आल्यावर आवडली नाही तर परत करायची मुदत पण आता तीस दिवस झालीय, आधी पंधरा होती.

आणि हो, आईने चार वर्षं भरलेत म्हणतोस ना, तर ते सगळे बुडाले असतील असं नाही. त्या काळच्या बचतवाल्या पॉलिसीत तीन वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेले असले तर पॉलिसी साधारण पेड-अप होते, म्हणजे कव्हर कमी होऊन चालू राहते आणि मुदत संपल्यावर काही रक्कम मिळते. युलिप, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी असेल तर हिशोब वेगळा. बाँडचा कागद शोध, नंबर घे, ब्रँचला जाऊन लेखी विचार, ते टाळत असतील तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाक. हे तुला नोकरी घ्यायची असो नसो, करच. तुझा त्या विषयाचा अर्धा अभ्यास त्यात होईल.

वडिलांच्या "एजंटगिरी"बद्दल मी काय बोलू. त्यांच्या पिढीने बघितलेला एजंट लग्नाच्या पंगतीत पण फॉर्म काढायचा, त्यांचं पण बरोबर आहे. पण एक उलट बाजू बघ. तुझ्याच पतसंस्थेत येणाऱ्या किती लोकांच्या बँक खात्यातून मे-जूनमधे ४३६ रुपये कटतात? ती प्रधानमंत्री जीवन ज्योती, दोन लाखांचं आयुर्विमा कव्हर. २० रुपये कटतात ती सुरक्षा बीमा, अपघाताचं दोन लाखांचं. पैसे कटताना पासबुकात दिसतात आणि माणूस गेल्यावर घरच्यांना आठवतच नाही की असं काही होतं. कुणीतरी येऊन "काकू, काकांचं पासबुक आणा बघू" म्हणणारा लागतो. असं पासबुक बघून देण्यात काही कमिशन नाही, पण ज्याने हे केलं त्याच्याकडे त्या गल्लीतली पुढची सगळी माणसं आपणहून येतात. हे काम हलकं आहे असं मला नाही वाटत. स्थळांचं म्हणशील तर मुलीकडचे पगाराची स्लिप बघतात आणि सेल्समधे आहे म्हटल्यावर "फिक्स किती" विचारतात, एवढंच, त्याचं उत्तर तुझ्याकडे असलं की झालं.

तर फिक्स किती ते पण बघू. साडेचौदा आणि चोवीसमधे साडेनऊ हजारांचा फरक दिसतो. बाईक दिवसाला साठ किलोमीटर फिरली तर पेट्रोलचेच महिन्याला तीन-साडेतीन हजार होतात, ते कंपनी देते की टार्गेट झाल्यावर देते हे विचारून घे. बाहेरचं खाणं, मोबाइल, गिऱ्हाइकाला पाजलेला चहा. हातात खरा फरक पाच हजारांच्या आसपास उरेल. इन्सेंटिव्ह आत्ता शून्यच धर, मॅनेजर म्हणतो पहिल्या वर्षी लाख, मिळाला तर मिळाला.

तुझ्यापुढे रस्ते दोनच नाहीयेत, हे पण सांगायचंय. पत्रात तू "ऑफर घेऊ की काउंटरलाच सडू" असं लिहिलंयस. तिसरा रस्ता म्हणजे नोकरी न सोडता स्वतः एजन्सी घ्यायची. एका एजंटला एका लाइफ कंपनीचं, एका जनरलचं, म्हणजे गाडी-दुकान वगैरेंच्या विम्याचं, आणि एका हेल्थ कंपनीचं काम एकाच वेळी करता येतं. किंवा ब्रोकरकडे पीओएसपी, म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन म्हणून, त्याला पंधरा तासांचं ट्रेनिंग आणि एक परीक्षा, त्यात बऱ्याच कंपन्यांची साधी साधी प्रॉडक्ट विकता येतात. आणि तुझी बाजारपेठ बघता मी तर म्हणेन लाइफच्या मागे लागूच नकोस आधी. तुझे सगळे लोक दुकानदार आहेत. त्यांच्या गाड्यांचे इन्शुरन्स बघ, टेम्पो, मोटरसायकल, नवीन दुचाकीला थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांचं येतं ना, ते संपलं की गावाकडे कित्येक जण परत काढतच नाहीत, पोलिसाने अडवलं की आठवतं. त्यांच्या घरच्यांचा हेल्थ इन्शुरन्स बघ, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाइफ आणि हेल्थवरचा अठरा टक्के जीएसटी गेलाय, हे पण अजून बऱ्याच जणांना नीट माहीत नाही. आणि दुकानाचा विमा! २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पेठा पाण्यात गेल्या, २०२१ ला चिपळूणची गेली, लोकांचा माल भिजला, फ्रीज वाहून गेले, आणि तरी दुकानातला माल आणि फर्निचर यांचा विमा निघतो, त्यात पूर पण घेता येतो, हे दुकानदाराला सांगायला कोण जातं? त्याला सगळे लाइफचं सांगायला जातात. यात एका पॉलिसीमागे पैसे थोडे, पण दर वर्षी रिन्यूअल असतं, दर वर्षी तू परत त्याच्या दुकानात जाणार, म्हणजे पिग्मीचीच सवय.

अर्थात याने पुढच्या महिन्यात चोवीस हजार होणार नाहीत. पहिलं वर्ष दोन-तीन हजार सुटले तरी पुष्कळ म्हणायचे. घरात कर्जाचा हप्ता किंवा औषधपाणी असलं आणि साडेचौदात खरंच भागत नसलं तर हा सल्ला कोरडा वाटेल तुला, मला कल्पना आहे.

एक मात्र नीट बघ. पतसंस्थेत राहून एजन्सी करायची तर सेक्रेटरींना आधी विचार आणि परवानगी लेखी घे. आणि रस्ता कुठलाही घे, ठेवीदारांची यादी, कुणाची किती एफडी कधी मॅच्युअर होतेय, हे काउंटरवरून बाहेर न्यायचं नाही. फोनमधे फोटो काढून पण नाही. नवीन मॅनेजर हे मागणार, सरळ नाही मागणार, "तुझ्याकडे डेटा असेलच ना" असं मागेल. तुझ्यावर ज्याने पैसे सोडलेत त्याच्या घरी तू त्याच्या एफडीची तारीख साधून पॉलिसी घेऊन गेलास तर त्याला कळतं रे, तो बोलत नाही एवढंच. आणि बोलण्यात "एफडीसारखंच आहे, उलट जास्त देतं" हे वाक्य तर कधीच नको, कित्येक तक्रारी त्या एका वाक्यातून निघतात.

तरी ऑफरच घ्यायची म्हणत असशील, तर मी अडवत नाही, काही मुलांना पगारी टीममधे राहूनच शिकता येतं, ट्रेनिंग मिळतं, पुण्या-मुंबईच्या ब्रँचचे दरवाजे उघडतात, दोन वर्षांनी बँकेतल्या इन्शुरन्स डेस्कला किंवा हेल्थ कंपनीत जाता येतं. फक्त जायच्या आधी काही गोष्टी कागदावर घे. टार्गेट किती आणि ते किती महिन्यांनी बघणार. नाही झालं तर काय, नोटीस किती दिवसांची, पगार कापणार का. पॉलिसी दुसऱ्या वर्षी बंद पडली तर दिलेला इन्सेंटिव्ह परत घेणार का. आणि मी तर म्हणेन एक दिवस दुपारी त्या ब्रँचच्या खालच्या चहाच्या टपरीवर जाऊन बस, तिथे खाली येणाऱ्या मुलांना विचार की गेल्या वर्षी तुमच्याबरोबर जॉइन झालेले किती जण अजून आहेत. हे एचआर सांगणार नाही, टपरीवर कळेल.

जॉइन झाल्यावर पण दोन गोष्टींना हात लावू नकोस. महिना संपत आला, टार्गेटला वीस हजार कमी पडतायत, मग "स्वतःच्याच नावाने एक काढ ना" असा सल्ला येतो. काढायची नाही. तुला टर्म हवं असेल तर घे, जरूर घे, पण टार्गेट भरायला घेतलेली पॉलिसी पुढच्या वर्षी तुलाच भरायची आहे आणि त्या पगारात ती जड जाते. दुसरं, गिऱ्हाइकाचा पहिला हप्ता आपल्या खिशातून भरायचा किंवा आपल्या कमिशनमधला वाटा त्याला द्यायचा. गावाकडे हे सर्रास मागतात, "मला काय सुटेल?" असं तोंडावर विचारतात. विमा कायद्याच्या कलम ४१ मधे याला बंदी आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत आहे. दंड होवो न होवो, जो माणूस तुझ्या पैशाने पहिला हप्ता भरतो तो दुसरा भरत नाही, आणि तेराव्या महिन्यात किती पॉलिसी चालू आहेत यावरच पुढे तुझी किंमत ठरते, पर्सिस्टन्सी म्हणतात, हा शब्द तुला तिथे रोज ऐकू येईल.

माझा कल विचारशील तर असा आहे. घर चालवायला पुढचे सहा महिने पुरेल एवढी शिल्लक असली, आणि कंपनी आधीचे थोडे एजंट तुझ्या हातात देत असली, टार्गेट लिहून देत असली, तर घे. यातलं एक जरी नसलं तर मी काउंटर सोडणार नाही, संध्याकाळची एजन्सी सुरू करेन आणि वर्षभराने परत बघेन. बाजारपेठेतली ओळख ही तुझी विहीर आहे, कंपनीला ती तीन महिन्यांत उपसायची घाई आहे, तुला नाही. मधल्या काळात पगारी नोकरीच हवी असेल तर सरकारी जनरल इन्शुरन्स कंपन्यांच्या आणि एलआयसीच्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, परीक्षा असतात, वय आहे अजून तुझं. आईला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणा बाईला यात रस असेल, दहावी झालेली असेल आणि घरात कुणी एलआयसीत नसेल, तर एलआयसीची बीमा सखी योजना बघा, पहिल्या वर्षी महिना सात हजार, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी पाच हजार स्टायपेंड मिळतो, पण वर्षाला चोवीस जणांच्या पॉलिसी वगैरे अटी आहेत आणि ती पगारी नोकरी नाही, हे समजून. तुझ्या आईला मामाचा अनुभव आहे, ती नाहीच म्हणेल, पण असू दे माहिती.

आणि दहा दिवसांत कळवायचंय तर आजच मेल टाक, वरचे सगळे प्रश्न लिहून, आणि अजून आठवडाभर मुदत माग. अशा जागा महिन्या-महिन्याला निघतात, एका आठवड्याने काही निसटून जात नाही. इंग्रजीत लिहायचं टेन्शन घेऊ नकोस, मराठीत लिही, ब्रँच मॅनेजर कराडचाच आहे म्हणालास ना.